थोरलीचा दुसरा क्लच

४ फेब्रुवारी

ताई,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहितात हे मला ठाऊक आहे. तो मी शेवटी लिहीन, तोवर राग उतरला तर. आणि पत्र का, तर फोनवर तू माझं अर्धं ऐकतेस आणि ठेवून देतेस. कागद असा मधेच बंद करता येत नाही. फाडलास तरी आधी वाचशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे.

आपल्या शेडमधल्या वेल्डरने कळवलं की तू थोरलीवरची ताडपत्री काढलीस आणि इंजिन खाली उतरवलंस. कोणाला विचारून? निघताना शेडच्या दारात मी काय सांगितलं होतं? मी परत येईन, मी तिला उभी करीन, मी चालवीन. त्यात तुझं नाव कुठे होतं? घरात मोठी मी, असं म्हणू नकोस. मोठी तू असशील, पण थोरली ती. बाबांनी ट्रकला ते नाव दिलं तेव्हा तू जन्मली पण नव्हतीस, आणि तुझ्यापेक्षा तिचे लाड जास्त झाले हे रडगाणं तूच गात असतेस.

इथे ट्रेलर ओढायला कंपनीने मला जो घोडा दिलाय तो नवा कोरा आहे. त्याला क्लच नाही, गिअरचा दांडा नाही. स्टेअरिंगखाली एक काडी आहे, कान कोरायला ठेवल्यासारखी. ती एकदा पुढे ढकलायची आणि गप्प बसायचं. गिअर तोच टाकतो, तोच काढतो, चढ आला की विचारही तोच करतो. एक कॅमेरा रस्त्याकडे आणि एक माझ्या डोळ्यांकडे. जांभई दिली की सीट थरथरते. पांढऱ्या पट्ट्यावर चाक गेलं की आतून एक बाई बोलते. एवढी तूही कधी माझ्यावर ओरडली नसशील. मी ड्रायव्हर नाही ताई. मागच्या कंटेनरमध्ये माल आहे तसा मी पुढे ठेवलेला माल, फक्त मला जेवायला लागतं.

माझा डावा पाय तर मेलाच म्हण. दिवसभर ओंडक्यासारखा पडून असतो. उजव्याने कमवायचं आणि डाव्याला पोसायचं. कधी कधी तो आपण होऊन खाली दाबतो, खाली काहीच नसतं. बाबांना सांग, त्यांना हसू येईल.

तर ऐक. इंजिन काढलंस ते काढलंस. गिअरबॉक्सला हात लावायचा नाही. तिच्यासाठी मी घर सोडलंय. ती अजून रस्त्यावर धावत होती तेव्हा, मी चालवत असताना बाबांनी भर चढावर गाडी थांबवायला लावली, दाराकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, उतर. का, तर माझ्या हातून गिअरचे दात वाजले. एकदाच वाजले. मागच्या गाड्या हॉर्न देत होत्या, आणि मी रस्त्याच्या कडेने चालत घरी आलो. त्या वाटेवरच ठरवलं की एक दिवस पुन्हा स्टेअरिंगवर मी बसेन, त्यांना शेजारी बसवीन आणि दात न वाजवता तोच चढ चढून दाखवीन. तोवर ती जशी होती तशीच राहिली पाहिजे. नवीन काही बसवलंस तर येऊन उपटून काढीन.

भुंग्या

नमस्कार लिहिला नाही, बघतेस ना.


१९ फेब्रुवारी

भुंग्या,

तुझं पत्र फाडलेलं नाही. शेडमधल्या खिळ्याला अडकवलंय. ग्रीसचे हात पुसायला बरा कागद आहे.

कोणाला विचारून म्हणतोस. थोरली तुझी कधी झाली रे? तू गेलास तेव्हा तिच्या केबिनमध्ये मांजरीची पिल्लं होती. रेडिएटरची जाळी गंजून हातात येत होती, मागच्या स्प्रिंगच्या पाट्याचं एक पान तुटलेलं होतं. ताडपत्री टाकली म्हणजे जपलं असं होत नाही. तू नुसतं सांगून गेलास. हात मी घातला.

पिस्टन अडकून बसले होते. त्यांच्यावर तेल ओतून भिजत ठेवले आणि लाकडाच्या ठोकळ्याने ठोकत एकेक सोडवला. बाबा दारात बसून सांगतात आणि मी करते. आणि हो, ब्रेक नवे टाकलेत. हवेच्या जुन्या नळ्या नखाने टोकरल्या तरी भुगा पडत होता. जशीच्या तशी ठेवली असती तर पहिल्याच उतारावर ती तुझ्यासारखी निघून गेली असती, मागे वळून न बघता.

तुझा घोडा स्वतःच गिअर टाकतो म्हणून तू रडतोस. इकडे पाठवून दे त्याला. आपलं काम आपण करणारं कोणीतरी मला या घरात हवंच आहे. आणि तुला जागं ठेवायला सीट थरथरावी लागते, मला इथे यंत्राची गरज पडत नाही.

आता शेवटचं. डाव्या पायाची थट्टा पुन्हा केलीस तर तुझं पत्र मी उघडणार नाही. ते वाक्य मी बाबांना वाचून दाखवलं नाही. हसू येईल म्हणे. इतक्या लांब जाऊन माणूस एवढा निर्लज्ज होतो हे मला माहीत नव्हतं.

ताई


६ मार्च

ताई,

तुझं डोकं ठिकाणावर आहे का? पाय माझा, मेलाय म्हणणारा मी, आणि लाज कसली? तुझ्या पत्राचा तो तुकडा मी चार वेळा वाचला. शाळा लवकर सुटली माझी, पण वाचता येतं मला. अर्थ लागत नाही तो तुझ्या लिहिण्याचा दोष.

परवाचं ऐक. भर उन्हात रस्त्यावर पुलाची सावली पडली होती. माझ्या शहाण्या घोड्याला वाटलं समोर गाडी उभी आहे. पुऱ्या वेगात असताना त्याने आपण होऊन ब्रेक दाबला. माझा पाय लागलेला नाही. मागे लोखंडी पाइप भरले होते, साखळ्या किंचाळल्या, आणि माझं कपाळ काचेला टेकता टेकता राहिलं. पाठीमागच्या ट्रेलरवाल्याने गाडी बाजूला काढली म्हणून तुला हे पत्र येतंय. सुपरवायझरने पडद्यावर सगळं बघितलं आणि मला विचारतो, तू असं काय केलंस की गाडीला ब्रेक मारावा लागला? म्हटलं, सावलीला विचारा. तर म्हणतो, गाडी चुकत नाही.

थोरली चुकते. पण चुकायच्या आधी सांगते. आवाज जड होतो, वास येतो, पायाखालचा पत्रा तापतो. तिचं ऐकलं नाही तर दोष आपला. हा शेवटपर्यंत गोड बोलतो आणि मग लाथ घालतो. तिच्यात बसलं की घामाने अंग भिजायचं, कानात दिवसभर इंजिन, स्टेअरिंग फिरवताना खांदे निखळायची वेळ, हे मी विसरलेलो नाही. पण जेवायला बसलो की कळायचं, आज आपण काहीतरी ओढून आणलंय. इथे दिवसभर बसून मला भूक सुद्धा नीट लागत नाही.

नळ्या बदलल्यास ते बरं केलंस. मरायला तुला कोणी सांगितलं नव्हतं.

पण मला वास येतोय ताई. तू काहीतरी लपवतेस. विकतेस का तिला? खरं सांग. म्हणे बाबा दारात बसून सांगतात. बाबा आणि बसून? दुसऱ्याच्या हातात पाना दिसला की हिसकावून घेणारा माणूस. त्यांना काय सांगून गप्प बसवलंस?

भुंग्या


२२ मार्च

भुंग्या,

विकत नाही. विकायची असती तर तू निघालास त्याच दिवशी तुझ्या तोंडावर विकली असती.

काल सकाळी थोरली सुरू झाली. आधी खोकली, मग पांढरा धूर, मग छताच्या पत्र्यावरची सगळी धूळ माझ्या डोक्यात. बाबांनी उजवा हात बॉनेटवर ठेवला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. मग म्हणाले, तिसऱ्या सिलिंडरचा नोझल मारतोय. खोलून बघितलं तर तसंच.

गिअरबॉक्स धुतली, तेल बदललं. दात जसे होते तसे आहेत. तुझ्या हातून कोपरा उडालेला दातही तसाच आहे. तो बदलू का विचारलं तर बाबा नको म्हणाले.

आणखी काही विचारू नकोस. लिहायला मला वेळ नाही आणि खोटं लिहायला येत नाही.

ताई


११ एप्रिल

ताई,

वेल्डरने फोटो पाठवला. त्याला वाटलं मला आवडेल. डावीकडच्या सीटसमोर, जिथे क्लीनर पाय पसरून झोपतो तिथे, एक क्लचचं पेडल. नवीन सळई, नवीन वेल्डिंग, सगळं चकचकीत. खाली त्या गाढवाने लिहिलंय, बघ कसं बेमालूम बसवलं.

मी तो फोटो बघितला आणि हातातला चहा तसाच खाली ठेवला. दोन क्लच कुठल्या गाडीला असतात हे मला शिकवू नकोस. शिकाऊ लोकांच्या गाडीला असतात. एकाने चुकायचं आणि शेजारच्या मास्तराने सावरायचं. तू थोरलीची ड्रायव्हिंग स्कूल केलीस. आता कोणीही सोम्यागोम्या येणार, स्टेअरिंगवर बसणार, दात खरडणार, आणि तू शेजारी बसून त्याला म्हणणार, हळू हं, घाबरू नका.

मी एकदा वाजवले तर मला रस्त्यावर उतरवलं. पोटच्या पोराला. आणि आता साऱ्या जगाला वाजवायला बसवणार? बाबांना हे चालतं? हेच त्यांना माझ्यातर्फे विचार. मोठ्याने विचार. दारात बसून असतात ना, ऐकू जाईल.

मी येतोय. सुट्टी देत नसतील तर न देता येतोय. ते पेडल मी मुळासकट उपटून काढीन आणि तुझ्या त्या वेल्डरच्या गळ्यात बांधीन. मग थोरली घेऊन जाईन. तुम्ही दोघं बसा शेडमध्ये एकमेकांना शिकवत.

भुंग्या


२५ एप्रिल

भुंग्या,

बस. आता हे पूर्ण वाच, मधे ओरडू नकोस.

तू गेलास आणि महिन्याभरात बाबांना झटका आला. डावं अंग गेलं. हाताची बोटं थोडी वळतात. पाय अजिबात नाही. बोलणं आधी जड होतं, आता साफ आहे, विशेषतः शिव्या.

तुला कळवायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली, वेल्डरलाही घातली. म्हणाले, तो येईल, मला बघेल आणि गप्प बसेल. भांडणारा पोरगा चालेल मला, गप्प बसणारा नको. तुझ्या पहिल्या पत्रात डाव्या पायाचं वाचलं तेव्हा मला वाटलं वेल्डरच्या पोटात राहिलं नाही, आणि तू कळूनसवरून विनोद करतोस. पुढच्या पत्रावरून समजलं की तुला काहीच माहीत नाही. तेव्हा मला जास्त राग आला. कारण तिन्ही पत्रांत बाबा कसे आहेत एवढं एक वाक्य नाही. ज्या दिवशी विचारशील त्या दिवशी शपथ मोडायची असं मी ठरवून बसले होते. मला तेवढंच निमित्त हवं होतं. तुला ते देता आलं नाही.

आता तुझ्या ड्रायव्हिंग स्कूलचं.

खाटेवर पडल्या पडल्या बाबांचा उजवा पाय हलायचा. ॲक्सिलेटर देतात तसा. शेजारी डावा पडलेला. एक दिवस म्हणाले, मला एकदा तिच्यात बसव. मी म्हटलं, नुसतं बसून काय करणार, चालवाल अशी करते. तुझ्या घोड्यासारखी बिनक्लचची गिअरबॉक्स तिला बसेल का, ते मी विचारून आले होते. बसते. बाबांना सांगितलं तर म्हणाले, मग मी कुठे चालवली? तेच तर तुझा भाऊ करतोय तिकडे, पगार घेऊन.

मग पेडल त्यांनीच सुचवलं. उजवं अंग त्यांचं, डावं माझं. ते उजवीकडे बसून स्टेअरिंग, ब्रेक आणि ॲक्सिलेटर सांभाळतात. मी डावीकडे बसून क्लच दाबते आणि गिअर टाकते. तुला ठाऊक आहे जुन्या गिअरबॉक्सला काय लागतं. एकदा क्लच दाबून गिअर बाहेर काढायचा, पाय सोडायचा, इंजिनाचा वेग जुळवायचा, पुन्हा दाबून दुसरा घालायचा. एकाच माणसाला ते साधायला वर्षं जातात. आम्ही दोन माणसं ते करतो. शेडमागच्या बंद खाणीच्या मैदानात, जिथे दगडांशिवाय कोणी नाही. रस्त्यावर नेत नाही, तेवढी अक्कल आहे मला.

पहिल्या दिवशी दात असे वाजले की वेल्डर काम टाकून पळत बाहेर आला. मी दांडा सोडून दिला. म्हटलं, आता मलाही उतर म्हणतील. त्यांनी इंजिन बंद केलं. मग म्हणाले, "त्याला उतरवायला नको होतं."

हे तुला लिहायचं नव्हतं मला. थोरलीत मी बसले, धूळ मी खाल्ली, नखं माझी काळी झाली, आणि पहिल्या फेरीत त्यांना आठवलास तू. पण ते बोलले हे खरं आहे, आणि खरं मी किती दिवस दाबून ठेवू?

आता दात क्वचित वाजतात. बोलावं लागत नाही. मी त्यांच्या खांद्याकडे बघते. खांदा पुढे झाला की क्लच.

ये. पेडल उपटून काढ. पाना मी तुझ्या हातात देईन, आणि बाबांना खुर्ची देईन समोर बसून बघायला.

ताई

(तुझं शेवटचं पत्र मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, तू सांगितलंस तसं. या कागदाच्या मागच्या बाजूला त्यांनी स्वतः लिहिलंय.)

पोरा,
हिला क्लच जमतो. हात आखूड पडतो, चौथा गिअर टाकताना हिचा खांदा दुखतो. सांगत नाही, पण मला दिसतं. डावीकडे लांब हाताचा माणूस हवा आहे.
स्टेअरिंग देणार नाही. ते माझं आहे.
चालत असेल तर ये. दात वाजले तर उतरवीन.
बाबा


१२ मे

ताई,

तुला मी माफ केलेलं नाही, आधी ते सांगून ठेवतो. शपथ म्हणे. मी लहान असताना तू माझ्यासाठी किती शपथा मोडल्यास, त्या काय खोट्या होत्या? एक आणखी मोडली असतीस तर काय बिघडलं असतं? इतके महिने मी इथे बसून त्यांच्यावर चिडत होतो. ज्या माणसाला एक पाय उचलता येत नाही त्याच्यावर. आणि तू मला चिडू दिलंस.

आणि मी विचारलं नाही असं पुन्हा लिहू नकोस. मी प्रत्येक पत्रात विचारत होतो. थोरली कशी आहे, तिला कोण हात लावतंय, ती तशीच आहे ना. ते काय मी लोखंडाबद्दल विचारत होतो? तुला कळायला हवं होतं. त्यांच्याबद्दल दुसऱ्या कुठल्या भाषेत विचारायचं ते मला कोणी शिकवलंय? त्यांनी तर नाहीच.

तुझं पत्र मी गाडी उभी करून केबिनमध्ये वाचलं. कॅमेऱ्याला माझे डोळे नीट दिसेनात. आतली बाई सारखी विचारत होती, आपण थकला आहात का, आपण थकला आहात का. मी डोक्यावरची टोपी काढून कॅमेऱ्यावर अडकवली. लगेच सुपरवायझरचा फोन, तुझा चेहरा दिसत नाही. म्हटलं, सावली पडली असेल, गाडी चुकत नाही. मग माल पोचवला, घोडा धुऊन जागेवर लावला आणि किल्ल्या त्याच्या टेबलावर ठेवल्या. तो म्हणाला, एवढी चांगली गाडी तुला परत कोण देणार? मी म्हणालो, मला अर्धीच पुरते. त्याला कळलं नाही. समजावत बसलो नाही.

पत्राच्या मागोमाग मीही निघतोय. कदाचित आधी मीच पोचेन, मग हे पत्र तू माझ्यासमोर उघड आणि माझ्यासमोर खिळ्याला अडकव.

पेडल राहू दे. फोटो पुन्हा बघितला, वेल्डिंग चांगलं आहे. वेल्डरला हे सांगू नकोस. डावीकडची सीट मागे सरकवून ठेव, माझे पाय तुझ्यापेक्षा लांब आहेत. तू मधे बस. खांदा शेकत बस आणि पट्ट्यावर चाक गेलं की ओरड, त्याची मला सवय झालीय. त्यांना बघून मी गप्प बसेन असं त्यांना वाटतं ना? दारातून आत येण्याआधीच ऐकू येईन मी त्यांना.

स्टेअरिंग नको मला. तो चढ मी शेजारी बसून चढेन. मी त्यांना शेजारी बसवणार होतो, ते मला बसवतायत, एवढाच फरक, आणि त्या फरकाबद्दल मी त्यांच्याशी जन्मभर भांडणार आहे.

बाबांना नमस्कार. राग उतरलेला नाही, तरी लिहितोय. आणि सांग त्यांना, पहिल्या दिवशी दात वाजणार. नक्की वाजणार, चांगले खणखणीत वाजणार.

उतरवून दाखवा म्हणावं.

भुंग्या